कोल्हापुरात नव्यानं आलात? नेटवाल्याशी भांडण्याआधी

लातूरहून मी इथं आलो त्याला 12 वर्षं झाली. तांबडा-पांढरा महिन्याभरात अंगवळणी पडला, नेटचं गणित कळायला मात्र वर्ष गेलं. मंगळवार पेठेत खोली घेतली, 100 एमबीपीएसचं कनेक्शन जोडलं आणि पहिलीच फाईल उतरवताना आकडा दिसला 11. तडक फोन लावून भांडलो. पलीकडचा शांतपणे म्हणाला, "बरोबर हाय की ओ."

होतंच बरोबर. प्लॅनचा स्पीड मेगाबिटमध्ये सांगतात, फाईल उतरताना दिसते मेगाबाइटमध्ये. 8 बिटांचा एक बाइट, म्हणजे 100 ला 8 नं भागा: साडेबारा. त्यातला थोडा भाग डेटाच्या पत्त्यांत आणि पोचपावत्यांत जातो, हाती 11-12 उरतात. 50 जीबीचा गेम असेल तर सव्वा तास धरून चाला.

खरी गोम वायफायमध्ये. ते बहुधा दोन पट्ट्यांवर चालतं, 5 आणि 2.4 गिगाहर्ट्झ. पेठेतल्या जुन्या घरांच्या जाड दगडी भिंतींपुढं 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल मान टाकतो. 2.4 पुढच्या खोलीपर्यंत पोचतो, पण शेजारच्या सगळ्यांचे राऊटर त्याच पट्ट्यात कालवा करत असतात. म्हणून तक्रार करण्याआधी लॅपटॉप केबलनं थेट राऊटरला जोडा आणि मग स्पीड टेस्ट करा. घरमालक राऊटर जिन्याखाली ठेवायला सांगतील. नको म्हणा, गोड बोलून.

दुसऱ्या घरी 200 चा प्लॅन घेतला, तर केबल लावूनही आकडा 94 च्या वर सरकेना. असा 94 वर अडकला की ओळखायचं: कुठंतरी 100 एमबीपीएसचाच पोर्ट (केबल खोचायची जागा) आहे, नाहीतर केबलच्या आठ तारांतली एखादी तुटलीय. माझी केबल दारात चेमटली होती. नवी आणली, विषय संपला.

रात्री नऊला स्पीड पडतो तो वेगळा प्रकार. फायबरची एक लाईन बहुधा 32 किंवा 64 घरांत वाटलेली असते. सगळे एकदम क्रिकेट बघायला बसले की वाटा कमी येणारच. वरून एफयूपी असते, ठरलेला डेटा संपला की वेग एकदम खाली येतो. ती मर्यादा आधीच विचारा. जाहिरातीतल्या दरावर बहुतेक वेळा 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो, तेही.

लाईट गेली की राऊटरही जातो, तेव्हा त्याच्यापुरता छोटा यूपीएस घेऊन टाका.

आणि कुणाचं कनेक्शन घ्यायचं ते गल्लीतल्या कट्ट्यावर विचारा. रात्री नऊला कुणाचं नेट रडतं, ते तिथं न विचारताही सांगतील.