टू-बॅकमध्ये ६० आणि ९५: गुणांतला फरक मॉडेलमध्ये कसा धरायचा

आमचं एफएमआरआय स्कॅनिंग, म्हणजे काम करताना मेंदूचे कोणते भाग गुंततात ते बघणारं स्कॅनिंग, रविवारी सकाळी असतं, एरवी मशीन पेशंटसाठी लागतं. डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून, उभ्याने आलेला विद्यार्थी आणि गिरगावातल्या नीट झोप झालेल्या काकू, दोघंही तेच टू-बॅक करतात: पडद्यावरचं अक्षर दोन अक्षरांपूर्वी होतं तेच आहे का, ते बटण दाबून सांगायचं. त्याची ६० टक्के उत्तरं बरोबर, काकूंची ९५. दोघांच्या स्कॅनमधून निघालेल्या मेंदूच्या नकाशांतला फरक मग मेंदूंचा की चुकांचा?

आधी एकेका व्यक्तीचं मॉडेल बघा. बरोबर उत्तरांचा एक रिग्रेसर (सिग्नलमधला त्यांचा वाटा वेगळा मोजणारा घटक), चुकलेल्यांचा दुसरा, बटणच न दाबलेल्यांचा तिसरा. चुका गाळू नका. गाळल्या तर त्यांचा सिग्नल बेसलाइनमध्ये, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची त्या पायाभूत पातळीत, मिसळतो.

वेळेकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. बोल्ड सिग्नल (रक्तातल्या ऑक्सिजनवरून स्कॅनर टिपतो तो) शिखरावर पोचायला पाचेक सेकंद घेतो. इतक्या संथ सिग्नलमध्ये अर्धा सेकंद विचार केला की दीड, हा फरक मुख्यतः उंचीचा फरक म्हणून उमटतो. सावकाश उत्तर देणाऱ्याचा मेंदू जास्त पेटलेला दिसतो, पण तो फक्त जास्त वेळ गुंतलेला असू शकतो. मी मॉडेलमध्ये प्रत्येक ट्रायलची, म्हणजे एकेका अक्षराच्या फेरीची, लांबी तिच्या रिॲक्शन टाइमइतकी (उत्तराला लागलेल्या वेळेइतकी) ठेवते. पॅरामेट्रिक मॉड्युलेटर (रिॲक्शन टाइमसारख्या, ट्रायलगणिक बदलणाऱ्या आकड्याचे रिग्रेसर) वापरणार असाल तर एसपीएम या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा क्रम तपासा: मूळ सेटिंगमध्ये नंतरचा मॉड्युलेटर आधीच्यांना ऑर्थोगोनल केला जातो, म्हणजे सामाईक वाटा आधीच्यांनाच मिळतो.

ग्रुपच्या पातळीवर टक्क्यांऐवजी डी-प्राइम (बरोबर पकडलेल्यांबरोबर चुकीचे 'हो'ही धरणारा गुण) घ्या, कारण सगळ्यालाच 'हो' म्हणणाराही जुळणारी अक्षरं शंभर टक्के पकडतो. सरासरी वजा करून तो कोव्हेरिएट म्हणून, म्हणजे ज्याचा परिणाम मॉडेलमध्ये वेगळा धरायचा असा घटक म्हणून, घाला.

पण तरुण आणि ज्येष्ठ अशी तुलना असेल तर थांबा. माझ्या पहिल्या विश्लेषणात गुण कोव्हेरिएट केले, गटांतला फरक नाहीसा झाला आणि मी 'फरक नाही' असं लिहून टाकलं. ते चूक होतं. वय आणि गुण एकत्रच बदलत होते. त्यांना वेगळं करणं कोणत्याही कोव्हेरिएटच्या हातात नव्हतं. आता गुणांचा आलेख आधी काढते, निकाल कोव्हेरिएटसह आणि त्याच्याविना, दोन्ही देते.

खरी सोय डिझाइनमध्येच करावी लागते. वन-बॅक, टू-बॅक, थ्री-बॅक तिन्ही ठेवा, म्हणजे दोन्ही गटांचे गुण जवळ येतात ती पातळी सापडू शकते. आणि मशीनमध्ये झोपवण्याआधी बाहेर लॅपटॉपवर सराव घ्या. डोंबिवलीच्या त्या मुलाला आता आम्ही आधी चहा देतो, अर्धा तास बसवतो, मगच सराव.