एक्सल कापण्याआधी

जुन्या महिंद्रा जीपच्या चॅसिसवरचा पिकअप उभा करायचा म्हटलं की आपल्याकडची पोट्टी आधी रंग अन् टायर पाहतात. रंगाचे पैसे शेवटासाठी राखा. आधी ब्रेक ठरवा, मग चाक, अन् एक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) सगळ्यात शेवटी, कारण त्याची रुंदी हे दोघंच ठरवतात.

त्याहीआधी कागद. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम मूळ बनावटीत मनासारखा बदल करू देत नाही. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या खासगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात असावी लागते अन् रोजच्या कामाला वापरता येत नाही. तो नंबर हवा असेल तर जुन्याच मापाचे शाफ्ट (एक्सलच्या आतले फिरणारे दांडे) करून घ्या अन् डिस्क ब्रेकचा नाद सोडा. बदल करायचाच असेल तर आरटीओत लेखी विचारा, मगच लोखंड विकत घ्या.

मापं घेताना गाडी जॅकवर नको. मागे सरकीची पोती टाकून, सपाट फरशीवर उभी करून घ्या. रिकाम्या गाडीत पिनियनचा (मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या लहान दातेरी चाकाचा) कोन वेगळा दिसतो. चाक बसतं त्या दोन्ही पृष्ठभागांमधलं अंतर, दोन पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) मध्यांमधलं अंतर, डिफरन्शियल (एक्सलच्या मधला गिअरचा गोळा) किती बाजूला सरकलेलं आहे, स्प्लाइन (शाफ्टच्या टोकावरचे दाते) किती, बेअरिंगचा नंबर काय, हे सगळं वहीत लिहा. चाकाला पाच बोल्ट असतील तर समोरासमोर मापता येत नाही. शेजारच्या दोन भोकांचे मध्य मोजा अन् १.७०१ने गुणा. या जीपला शेजारचं अंतर ८२ मिलिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे बोल्टांचं वर्तुळ १३९.७ मिलिमीटरचं. बोलेरोचंही तेवढंच, म्हणून तिचा पुढचा डिस्क सगळे सुचवतात. बोल्ट जुळले म्हणजे स्टब (चाक फिरतं तो खुंटा), बेअरिंग अन् कॅलिपरही (डिस्कला दोन्हीकडून दाबणारा चिमटा) जुळले असं मात्र नाही. पुठ्ठ्याचा कॅलिपर कापून रिममध्ये फिरवून पाहा. त्याला खर्च नाही.

मागच्या एक्सलचा हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) शंकूच्या टोकावर चावीनं (खाचेतल्या लोखंडी तुकड्यानं) बसलेला असतो. त्याला पुलरच (ओढून काढायचं हत्यार) हवा, अन् तोही हिसका बसू नये म्हणून नट थोडा सैल ठेवूनच लावायचा. हातोड्यानं ठोकाल तर बेअरिंग जाईल. नवा शाफ्ट ईएन-२४ पोलादाचा, रॉडसोबत तपासणीचं प्रमाणपत्र मागूनच घ्या. भंगारातला रॉड कितीही जाड दिसला तरी तो काय आहे ते कोणालाच ठाऊक नसतं. स्प्लाइन कापणं, कडक करणं, सरळ करणं, मग बेअरिंगची जागा ग्राइंड करणं, हा क्रम मोडू नये. हे काम गावच्या लेथचं नाही, त्यासाठी हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत फिरावं लागेल. तुटलेला शाफ्ट वेल्डिंग करून बसवून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघून या.

हौसिंग (एक्सलची बाहेरची नळी) रुंद वा अरुंद करायचं असेल तर दोन्ही बेअरिंगच्या जागांमधून सरळ दांडा घालून, थोडं या बाजूला थोडं त्या बाजूला असं वेल्डिंग करवा, नाहीतर उष्णतेनं नळी वाकते. ७०१८चे वेल्डिंग रॉड भट्टीत वाळवलेले असावेत, पावसाळ्यात तर हटकूनच. मशीन शेतातल्या लाइनवर असेल तर दिवसा तीन फेज येणारा आठवडा पाहूनच वेल्डरला बोलवा.

ब्रेकचं म्हणाल तर माझं मत सोपं आहे: पुढे डिस्क पुरे, मागे ड्रमच ठेवा. हँडब्रेक या गाडीत ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या डब्याच्या) मागे असतो, त्याला हात लावू नका. जुना मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ब्रेकचं तेल ढकलणारा) एकाच सर्किटचा असतो, एक पाइप फुटला की चारही चाकं गेली. तिथे दुहेरी बसवा. तो पायाखालच्या फळीखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर राहत असेल तर डिस्कच्या लाइनला २ पीएसआयचा (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) अन् ड्रमच्या लाइनला १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा) लागतो. मागची चाकं आधी लॉक होऊ नयेत म्हणून त्या लाइनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही (मागचा दाब कमी ठेवणारा) घ्या. बूस्टर (व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा डबा) घेताना इंजिन पाहा. आपल्याकडच्या कितीतरी जीपांत पेट्रोल काढून डिझेल बसवलंय, अन् डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये (हवा आत घेणाऱ्या नळीत) पुरेसा व्हॅक्यूम नसतो. व्हॅक्यूमचा पंप असलेला अल्टरनेटर लागेल. पाइप स्टीलचा, टोकं डबल फ्लेअरची (दुहेरी दुमडून पसरवलेली). साधा तांब्याचा पाइप कंपनानं चिरतो.

ब्रेकचं तेल डॉट-४चं, सीलबंद डब्यातलं. ते हवेतलं पाणी ओढतं. कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळणारं तेल ओलं झाल्यावर १५५लाही उकळू शकतं. रबरी सील डिझेलनं धुऊ नका. ब्रेकच्या जुन्या लायनरची भुकटी कॉम्प्रेसरनं उडवू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्यानं पुसून पिशवीत बांधा.

जोडून झालं की मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करून ब्रेकच्या पाइपांतली हवा काढा. पॅडल मिनिटभर दाबून धरा. खाली सरकलं तर कुठेतरी गळतंय. पहिली चाल मोकळ्या वावरात, हळू अन् रिकामी. मग थांबून चारही ड्रम-डिस्क हात जवळ नेऊन पाहा. एकच चाक तापलं असेल तर तिथला ब्रेक अडकलाय. पोती भरणं त्यानंतर, अन् शंभरेक किलोमीटरनंतर चाकाचे नट अन् मागच्या हबचे नट पुन्हा कसायचे.