छोटी एसयूव्ही घेताय? रिकामी गाडी बघून ठरवू नका, या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार. सासुरवाडीहून करूळ घाटानं वर गगनबावड्याकडं येत होतो. गाडीत आम्ही पाच जण, डिकीत आंब्याच्या पेट्या नि तांदळाचं पोतं, पायाशी फणस, एसी चालू. पुढं जांभ्याचे चिरे भरलेला ट्रक. एका वळणावर ट्रक जागेवर थांबल्यासारखा झाला आणि माझा वेग दहा-बारावर आला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. ट्रक हलला, मी ॲक्सिलरेटर दाबला, तर गाडीनं मान टाकली. एक-दोन सेकंद काहीच नाही. मागून एसटीचा हॉर्न. मागच्या सीटवरून आईनं विचारलं, "काय झालं रे?" पहिला गिअर टाकला, एसी बंद केला, तेव्हा कुठं गाडी उचलली.

हीच गाडी घ्यायच्या आधी मी हायवेवर चालवून बघितली होती. आत फक्त मी आणि शोरूमचा माणूस, रस्ता सपाट आणि मोकळा. तेव्हा ती भन्नाट वाटली होती. गाडीत दोष नव्हता, बघण्यात दोष होता. रिकामी गाडी बघून मी भरलेल्या गाडीचा निर्णय घेतला होता. सहा वर्षं ती वापरल्यावर, आणि नात्यातल्या चार-पाच जणांच्या खरेदीला सोबत गेल्यावर, मला बहुतेक चुका इथूनच सुरू होताना दिसतात. या गाड्या चांगल्याच आहेत. आपल्या कोल्हापूर भागाला तर फार सोयीच्या आहेत. पण त्यांचा प्रत्येक गुण कशाच्या तरी बदल्यात आलेला असतो, तो हिशोब घेण्याआधी मांडायला हवा.

चार मीटरचं गणित नीट न समजणं

या गाड्यांची लांबी ३९९५ मिलिमीटरच्या आसपासच का अडकते? कारण कर. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाडीची व्याख्या ठरली: लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. त्या व्याख्येत बसेल तिला कर कमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले, त्यातही ही रेषा राहिली. आत बसणाऱ्या गाडीला १८ टक्के, बाहेरच्या मोठ्या गाडीला ४० टक्के.

इथं दोन गोष्टी लोकांच्या नजरेतून सुटतात. चार मीटरच्या आत आहे म्हणजे कर कमीच, असं नाही. इंजिनही बसावं लागतं. ब्रेझा लांबीत बसते, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० टक्क्यांत जाते. त्या बदल्यात टर्बोशिवायचं (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा), कमी वेगातही ओढणारं चार सिलिंडरचं इंजिन मिळतं.

दुसरी गोष्ट रुंदीची. कायद्यानं लांबी बांधली, रुंदी बांधली नाही. नेक्सॉन १८०४ मिलिमीटर रुंद आहे, ब्रेझा १७९०, आणि त्यावर दोन्ही बाजूंचे आरसे. स्विफ्ट १७३५ ची. म्हणजे लांबीत हॅचबॅकजवळची वाटणारी ही गाडी रुंदीत बरीच मोठी आहे, आणि आपल्या जुन्या पेठांत अडचण लांबीची नसतेच. शिवाजी पेठेतल्या किंवा गुजरीकडच्या बोळात समोरून रिक्षा आली की एकेक इंच मोजावा लागतो. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधली जागा जुन्या मारुतीला पुरायची. नवी गाडी आत जाते, पण ड्रायव्हरच्या बाजूचं दार निम्मंच उघडतं. बुकिंगआधी मी टेप घेऊन खाली उतरलो नाही. तुम्ही उतरा. खांबापासून खांबापर्यंत मोजा, त्यातून गाडीची रुंदी वजा करा, आणि दार उघडून माणूस बाहेर पडेल एवढी जागा उरते का ते बघा.

इंजिनाची ताकद ब्रोशरमध्ये बघणं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

करात बसण्यासाठी इंजिन लहान ठेवलं जातं आणि ताकद टर्बोनं आणली जाते. टर्बो फिरतो तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर. इंजिन हळू फिरत असेल तर धुराचा जोर कमी, टर्बो सुस्त, आणि तेवढा वेळ तुमच्या हातात फक्त एक छोटं तीन सिलिंडरचं इंजिन असतं. करूळमध्ये माझं तेच झालं. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा (आरपीएमचा) काटा दीड हजाराच्या खाली गेला होता. सपाट रस्त्यावर दोघं असताना हा खड्डा जाणवत नाही. पाच माणसं, सामान, एसी आणि चढ एकत्र आले की तोच समोर उभा राहतो.

यावर उपाय सोपा आहे, सवयीचा आहे. चढावर गिअर लवकर उतरवायचा. काटा दोन हजाराच्या खाली जाऊ द्यायचा नाही. दुसऱ्यात ओढत नसेल तर ॲक्सिलरेटर दाबून धरण्यात अर्थ नाही, पहिला टाकायचा. हाफ क्लचवर गाडी चढवायची सवय असेल तर ती सोडायची. क्लचप्लेटचा जळका वास आला म्हणजे उशीर झालेला असतो. तसा वास आला तर सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि क्लच थंड होऊ द्या.

टर्बो नको असेल तर बिनटर्बोचं १.२ लिटर इंजिन असलेल्या छोट्या एसयूव्हीही मिळतात. शहरात त्या मऊ चालतात, रोज राजारामपुरी ते शाहूपुरी करणाऱ्याला भरपूर आहेत. पण भरलेली गाडी घेऊन आंबा घाट किंवा फोंडा घाट वरचेवर चढायचा असेल तर जरा विचार करा.

आणि गळीत हंगाम विसरू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढं आपल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात, रात्री कित्येकांना मागं रिफ्लेक्टर नसतो. दोन पदरी गगनबावडा रस्त्यावर असा ट्रॅक्टर ओलांडायचा तर ताशी ४० वरून ८० वर गाडी किती पटकन जाते, एवढंच महत्त्वाचं. शून्य ते शंभरचा आकडा तिथं कामाचा नाही. टेस्ट ड्राइव्हला तिसऱ्या गिअरमध्ये, गाडी भरलेली ठेवून, हे एकदा करून बघा. जमलं तर रात्रीही चालवा आणि हेडलाइट किती लांब पडतो ते पाहा.

ऑटोमॅटिक म्हणजे सगळं एकच, असं समजणं

एएमटी हा आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, क्लच आणि गिअर मशीन बदलतं एवढंच. स्वस्त पडतो, ॲव्हरेजही चांगलं. पण गिअर बदलताना हिसका बसतो आणि चढावर थांबून निघताना, हिल होल्ड (चढावर गाडी क्षणभर रोखून धरणारी सोय) नसेल तर, गाडी मागं सरकू शकते. चैत्र यात्रेत जोतिबाच्या चढावर एकामागं एक गाड्या लागलेल्या असतात, तिथं हे सरकणं भीतीदायक वाटतं. अशा वेळी हँडब्रेक ओढून धरा, ॲक्सिलरेटर हलका द्या, गाडी पुढं ओढायला लागली की हँडब्रेक सोडा. ॲक्सिलरेटरवरच गाडी चढावर तोलून धरू नका. ड्युअल क्लचमध्ये (दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये) हिसका नसतो, पण इंच-इंच सरकणाऱ्या गर्दीत क्लच तापतो. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा गिअरबॉक्स) या बाबतीत सगळ्यात शांत, पेट्रोल थोडं जास्त घेतो. घरात वयस्क माणूस गाडी चालवणार असेल तर मी तोच सुचवतो.

उतरताना सगळ्यांना एकच नियम: ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. बहुतेक ऑटोमॅटिकमध्येही मॅन्युअल किंवा एल (लो गिअर) मोड असतो, त्याचा वापर करा. नुसत्या ब्रेकवर घाट उतरला तर ब्रेक तापून पकड सुटते.

उंची आहे म्हणून कुठंही घालणं

उंच बसण्याचं सुख खरं आहे. माझ्या आईचे गुडघे दुखतात. जुन्या गाडीतून उतरताना तिला हात द्यावा लागायचा. या गाडीत ती कमरेच्या उंचीवर बसते, पाय सरळ खाली टेकवते आणि आपली आपण उतरते. पहिल्याच दिवशी म्हणाली, "ही गाडी बरी हाय बघ, कुणाला हाक मारायला नको." माझ्यासाठी या गाडीचा सगळ्यात मोठा गुण हाच.

पण जमिनीपासूनची उंची, जी २०० मिलिमीटरच्या आसपास सांगतात, ती बहुतेक वेळा रिकाम्या गाडीची असते. पाच मोठी माणसं आणि डिकीभर सामान बसलं की स्प्रिंग दबतात आणि गाडी खाली येते. गावाकडं हौसेनं घातलेल्या उंच गतिरोधकावर माझी गाडी घासली ती भरलेली असतानाच. खालून आवाज आला तर दुर्लक्ष करू नका. इंजिनाच्या खालच्या पत्र्याचे बोल्ट सैल झालेत का आणि रात्रभर उभी राहिल्यावर खाली तेलाचा थेंब पडलाय का, हे दुसऱ्या दिवशी बघाच.

आणखी एक गैरसमज मोडायला हवा. यातल्या जवळजवळ सगळ्या गाड्यांची फक्त पुढची चाकं ओढतात. दिसायला एसयूव्ही असली तरी पावसाळ्यात उसाच्या फडाकडं जाणाऱ्या काळ्या चिखलात ती हॅचबॅकसारखीच रुतते. मागं माणसं नि पोती जास्त असली तर पुढच्या चाकांवरचा भार आणखी हलका होतो आणि ती जागेवर फिरत राहतात.

पाण्यात गाडी बंद पडल्यावर पुन्हा स्टार्ट मारणं

२०१९ आणि २०२१ चा महापूर आपण पाहिलाय. शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. उंच गाडी आहे म्हणून पाण्यात घालणारे मी स्वतः बघितलेत.

इंजिनात पाणी शिरलं आणि तुम्ही स्टार्टर मारला तर पिस्टन पाणी दाबायला जातो. पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग इंजिन खोलण्याचा खर्च. २०२१ मध्ये आमच्या एका शेजाऱ्यांची गाडी पार्किंगमध्येच बॉनेटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर त्यांनी घाईनं चावी फिरवली. विमा कंपनीनं इंजिनाचा खर्च नाकारला, कारण पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शन नव्हतं. पंचगंगेच्या काठच्या शहरात राहणाऱ्यानं हे ॲड-ऑन (विम्यातलं जादा कव्हर) घेतलंच पाहिजे, आणि घेतलं तरी बुडालेल्या गाडीची चावी फिरवायची नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टो करूनच न्या.

शहरातल्या शहरात फिरायला डिझेल घेणं

एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम आला आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. ही काजळी जळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो. रोज तीन-चार किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत तो तापतच नाही, फिल्टर भरतो आणि मीटरवर दिवा लागतो. दिवा लागला म्हणून गाडी उभी करून ठेवू नका. मॅन्युअलमध्ये वेगळं काही सांगितलं नसेल तर गाडी कागलच्या दिशेनं हायवेला काढा आणि एका लयीत वीस-पंचवीस मिनिटं चालवा, बहुतेक वेळा दिवा जातो. गेला नाही, किंवा सोबत इंजिनाचा दिवाही लागला, तर वर्कशॉप. आठवड्यातून दोनदा पुणे किंवा बेळगाव करणाऱ्याला डिझेल आजही छान आहे, घाटात तर त्याच्यासारखी ओढ नाही. इतरांनी महाराष्ट्रातला रस्ता कर बघा: दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३.

सीएनजीबद्दल थोडक्यात. सिलिंडर डिकी खातो. नेक्सॉनसारख्या काही गाड्यांत दोन छोट्या टाक्या खाली बसवून जागा वाचवली आहे. शोरूममध्ये डिकी उघडा आणि घरची मोठी बॅग आत ठेवूनच बघा.

सनरूफसाठी सुरक्षा सोडणं

उंच गाडी वळणावर जास्त कलते. म्हणून ईएससी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा, हिला हॅचबॅकपेक्षा जास्त गरजेची. त्याच पैशात सनरूफ किंवा ईएससी असं निवडायची वेळ आली तर मुलांचं ऐकू नका. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या, म्हणजे गाडी आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या, चाचण्या सुरू आहेत. नुसते तारे मोजू नका, लहान मुलांच्या सुरक्षेचे गुण वेगळे दिलेले असतात तेही वाचा.

टायरच्या हवेकडंही बघा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर बऱ्याच गाड्यांत दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी, एक भरलेल्या गाडीसाठी. देवाला किंवा कोकणात सगळे मिळून निघालो की दुसरा आकडा. तसंच स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा बारीक असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा.

गेल्या वर्षी मेहुण्याच्या खरेदीला गेलो तेव्हा शोरूमला आधीच सांगितलं, आम्ही पाच जण येणार आणि पन्हाळ्यापर्यंत जाऊन येणार. आधी कां-कूं झालं, मग तयार झाले. मेहुणा चालवायला, त्याचा दाजी म्हणजे मी पुढं, मागं आत्या, मेहुण्याची बायको आणि मधे त्याचा उंच मुलगा. वाघबीळाच्या पुढच्या चढावर मेहुण्यानं गाडी मुद्दाम दुसऱ्यात हळू केली आणि मग दाबली. दुसऱ्या दिवशी तेच दुसऱ्या कंपनीच्या गाडीत केलं. मुलाचं डोकं पहिल्या गाडीत छताला लागत होतं, दुसरीत नाही. आत्या म्हणाल्या, "हिच्यात मांडीला आधार हाय." ब्रोशरवर मेहुण्यानं खूण केली होती ती पहिल्या गाडीच्या टॉप मॉडेलवर. बुकिंग झालं दुसऱ्या गाडीच्या मधल्या मॉडेलचं.