डिपला पाणी सुटायचं, ते असं थांबलं

मुलांच्या डब्यासाठी भाज्या आणि चीजचं डिप करायचे, पण तासाभरात वर पाणी तरंगायचं. तीनदा असं झाल्यावर कारण शोधलंच. दही साधं होतं आणि किसलेल्या काकडीवर मीठ थेट पडत होतं. मीठ लागलं की काकडी पाणी सोडणारच. कोशिंबिरीत ते चालतं, डिपमध्ये नाही.

आता रात्री अर्धा लिटर दही सुती फडक्यात बांधून, चाळणीवर ठेवून फ्रिजमध्ये निथळू देते. श्रीखंडाला करतो तसाच चक्का. (उन्हाळ्यात बाहेर टांगलं तर फार आंबतं.) सकाळी दहा मिनिटांचं काम उरतं. काकडीला पाव चमचा मीठ चोळायचं, थोडं थांबून मुठीत घट्ट पिळायची. गाजर किसून, सिमला मिरची अगदी बारीक. चीजचे दोन क्यूब गार असतानाच किसायचे, नाहीतर किसणीला चिकटतात. लसणाची एक पाकळी ठेचून, मिरपूड. वरचं मीठ मात्र चाखूनच. चीज खारट असतं.

काल सकाळचं डिप संध्याकाळीही घट्ट होतं. दह्याची निवळ मी थालीपिठाचं पीठ भिजवायला वापरते, छान आंबूस चव येते.