‘ओ’ ग्रेड आणि वेर्ण्याची मुलाखत

निकालाच्या दिवसांत ओळखीपाळखीतून फोन येतात. पेडणे, साखळी, फोंडा, कुठूनही. मुलगा किंवा मुलगी पदवीला प्रवेश घेणार असते आणि पालकांचा प्रश्न ठरलेला: “मार्क बरे देतात असं कॉलेज कुठलं?” मला या प्रश्नाचा राग येत नाही. पैसा आणि वर्षं आपली जाणार असतील तर माणूस हिशेब करणारच. पण हे मार्क पुढे कुठे चालतात आणि कुठे नाही, ते आधी माहीत असलेलं बरं. मी रसायनशास्त्रात एमएस्सी केलं. आता वेर्णा औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलला आहे, आणि नव्या मुलांच्या मुलाखती असल्या की मलाही बसवतात. लिहिते आहे ते त्या खुर्चीवरून.

आधी ग्रेड तयार कशी होते ते. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१५ मध्ये श्रेयांक पद्धत पुढे केली, तिच्याबरोबर दहाची पट्टी आली: ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, असं उतरत ‘पी’ला ४. गोवा विद्यापीठाच्या कॉलेजांत एका पेपराचे मार्क दोन वाटांनी येतात, सत्र चालू असताना आयएसए (अंतर्गत मूल्यमापन) आणि शेवटी एसईए (सत्र संपतानाची लेखी परीक्षा). आयएसएमध्ये जे सर शिकवतात तेच प्रश्न काढतात आणि तेच तपासतात. भर पावसात कदंब बसच्या गर्दीतून रोज वेळेवर येणाऱ्या पोराला २० पैकी ९ लिहायला हात धजावत नाही, मग १६ होतात. कमी दिले तर मुलं येऊन उभी राहतात, कधी पालक येतात, निकाल घसरला तर वरून विचारणा होते, आणि पुढच्या वर्षी हा विषय कोणी घेईल का हीसुद्धा धास्ती असते. जास्त दिले तर विचारायला कोणी येत नाही. यात लबाडी थोडी आणि चांगुलपणा जास्त आहे, असं माझं मत. पण चांगुलपणाने फुगलेले मार्क फुगलेलेच राहतात.

हे आपल्याकडेच होतं अशातला भाग नाही. २०२५ मध्ये हार्वर्डच्या स्वतःच्याच अहवालात आलं की तिथे पदवीच्या वर्गांत दिलेल्या ग्रेडपैकी सुमारे ६० टक्के ‘ए’ आहेत. २० वर्षांपूर्वी हे प्रमाण साधारण पाव होतं. प्रिन्स्टनने २००४ मध्ये ‘ए’ ३५ टक्क्यांच्या आसपास ठेवायचं धोरण आणलं, मुलांचा ताण आणि कुरकुर वाढत गेली, आणि २०१४ मध्ये ते गुंडाळलं. मार्क एकदा वर गेले की खाली आणायला कोणी धजत नाही, कारण पहिला जो आणेल त्याच्याच मुलांचं नुकसान. दिल्ली विद्यापीठात २०२१ मध्ये काही कॉलेजांचा कटऑफ १०० टक्क्यांवर गेला होता. २०२२ पासून तिथला प्रवेश बारावीच्या मार्कांवरून काढून सीयूईटी या देशभराच्या प्रवेशपरीक्षेवर नेला. आपल्या बोर्डाचंही आठवत असेल: कोविडच्या २०२१ सालात लेखी परीक्षा झाली नाही, शाळांनी केलेल्या मूल्यमापनावर बारावीचा निकाल लागला आणि तो ९९ टक्क्यांच्या वर गेला.

नवख्यांनी इथेच नीट बघायचं. ग्रेड सगळ्यांच्याच वर गेल्या की निवड करणारा आपली चाळणी स्वतः आणतो. गोवा विद्यापीठात एमए-एमएस्सीला जायचं तर जीयू-आर्ट ही प्रवेशपरीक्षा. प्राध्यापक व्हायचं तर पदव्युत्तर ५५ टक्के ही फक्त दाराची उंची, आत नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी केली तर आता थेट नेट देऊन पीएचडीकडे जाता येतं, म्हणजे तिथेही ७५ हा उंबरठाच. गोव्यातल्या सरकारी नोकरीचं तेच. कर्मचारी निवड आयोगाची किंवा लोकसेवा आयोगाची परीक्षा संगणकावर होते, पदवीचे मार्क पात्रतेपुरते. (जाहिरातीत कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट असतं, तेही वाचून ठेवा. मराठी माध्यमातून आलेली काही मुलं पदवीचे टक्के पाठ म्हणून दाखवतात आणि ही ओळ वाचतच नाहीत.)

आता आमच्याकडची चाळणी. मध्यंतरी दोघंजण एकाच दिवशी मुलाखतीला आले. वेगवेगळी कॉलेजं, पण विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात दोघांनाही ‘ओ’. मी दोघांनाही एकच प्रश्न विचारला: ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल २५० मिली करायचं आहे, बाटलीतलं किती घ्याल? पहिल्याने झटक्यात एन वन व्ही वन बरोबर एन टू व्ही टू हे पातळ करायचं सूत्र लिहिलं. दोन आकडे भरले आणि थांबला. बाटलीतल्या आम्लाची नॉर्मॅलिटी, म्हणजे तीव्रता, किती? “ती प्रश्नात दिलेली असते, मॅडम.” खरंच, परीक्षेत ती दिलेली असते. प्रयोगशाळेतही बहुधा अटेंडंटने द्रावण करून ठेवलेलं असतं आणि मुलं नुसतं टायट्रेशन करून जर्नल भरतात.

दुसरी मुलगी म्हणाली, लेबल बघू का? लेबलवर ३७ टक्के आणि घनता १.१८ असते असं मी सांगितलं. तिने कागदावर लिटरला ११८० ग्रॅम, त्यातले ३७ टक्के म्हणजे साधारण ४३७, भागिले ३६.५, असं करत १२ नॉर्मल काढलं. मग २५ भागिले १२, म्हणजे जेमतेम २.१ मिली. आधी फ्लास्कात पाणी, मग आम्ल, मग खुणेपर्यंत पाणी. आणि न विचारताच पुढे बोलली की एवढ्याने भागणार नाही, सोडियम कार्बोनेटने स्टँडर्डाइझ करावं लागेल, म्हणजे नेमकी तीव्रता तपासून घ्यावी लागेल, कारण बाटली उघडून किती दिवस झाले कोणाला माहीत. मी शेजारच्या सहकाऱ्याकडे पाहिलं, त्याने तिच्या नावासमोर आधीच खूण केली होती.

दोघांच्या गुणपत्रिका शेजारी ठेवल्या तर या पेपरात फरक सापडत नाही. पट्टीच तशी आहे. एकाच टप्प्याच्या वरच्या टोकाचा आणि खालच्या टोकाचा दोघेही कागदावर ‘ओ’च. म्हणून मी ग्रेडवरून नजर फिरवते आणि खरे मार्क असलेला कागद मागते. त्यातही आयएसए आणि एसईए वेगळे पाहते. आयएसएला २० पैकी १९ आणि लेखीला काठावर, असं चार-पाच पेपरांत दिसलं की प्रश्न जरा खोलवर जातात. तुम्हीही प्रत्येक सत्रानंतर हेच दोन आकडे शेजारी ठेवून बघा. फार अंतर असेल तर ज्यांनी तुम्हाला कधी शिकवलेलं नाही अशा कोणाकडून एक पेपर तपासून घ्या. दुसऱ्या कॉलेजातले सर, एमएस्सी करणारी ताई, कोणीही चालेल. नेटचे जुने पेपर तर फुकट मिळतात, आणि ते तुमची हजेरी बघत नाहीत.

म्हणजे ग्रेडकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणते आहे का? अजिबात नाही. काही ठिकाणी तो आकडाच सगळं ठरवतो. जर्मनीला जाणारी मुलं आता गोव्यात पुष्कळ आहेत. तिथे बव्हेरियन सूत्र लावतात: कमाल गुणांतून तुमचे वजा, त्याला कमाल वजा पास होण्याच्या किमान गुणांनी भागायचं, तिनाने गुणायचं आणि एक मिळवायचा. दहाच्या पट्टीवर पास ४ ला धरलं तर ८.२ सीजीपीएचे (सगळ्या सत्रांच्या सरासरीचे) १.९ होतात आणि ७ चे २.५. तिथे आकडा जितका लहान तितका चांगला, आणि बऱ्याच अभ्यासक्रमांना २.५ ही मर्यादा असते. म्हणजे ६.८ वाला दारातच अडकला, मग तो कितीही हुशार असो.

झुआरीनगरच्या बिट्स या अभियांत्रिकी संस्थेत सापेक्ष ग्रेडिंग आहे, वर्गातले बाकीचे कसे लिहितात त्यावर तुमची ग्रेड. तिथला ७ आणि आपल्या कॉलेजातला ७ एकच नव्हेत, पण सूत्राला ते कळत नाही. हा अन्याय आहे का? आहे. पण अर्ज करणाऱ्याने तो धरूनच चालायचं. टक्केवारीत रूपांतराचंही तसंच: एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात ६.७५ म्हणजे ६० टक्के, दुसरीकडे सूत्र निराळं. फॉर्ममध्ये स्वतः गुणाकार करून आकडा टाकू नका, आपल्याच विद्यापीठाचा नियम लेखी घ्या. फर्स्ट क्लासच्या सीमेवर असाल तर एवढ्यावरही अर्ज बाद होतो.

विषय निवडताना काय करायचं? नव्या शैक्षणिक धोरणात मेजर म्हणजे मुख्य विषयाबरोबर मायनर आणि बहुविद्याशाखीय पेपर आले आहेत, आणि सीनियर कुठला ‘स्कोअरिंग’ ते पहिल्याच आठवड्यात सांगतात. असा एखादा पेपर बिनधास्त घ्या, सीजीपीएला टेकू मिळतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मेजरमध्ये मात्र पर्याय असेल तेव्हा जे सर उत्तरपत्रिकेवर लाल शाईने समासात लिहितात त्यांचा पेपर घ्या, त्यांच्याकडे ‘ए’च मिळाली तरी चालेल. त्या उत्तरपत्रिका मागून घ्या, परत देत नसतील तर समोर बसून बघा आणि वहीत उतरवा. आमच्या त्या मुलीला मी नंतर विचारलं होतं, लेबल बघायची सवय कुठून लागली. तिच्या कॉलेजात एक मॅडम होत्या म्हणे, त्या प्रॅक्टिकलला द्रावण तयार करून ठेवूच देत नसत. वर्गात त्यांचा कोणालाच फारसा उमाळा नव्हता.