चिमट्यात वाटी धरायची असेल तर

रोबोटच्या हातावर काम करायचंय, म्हणून लगेच सहा सांध्यांचा आर्म मागवू नका. दोन बोटांचा चिमटा आणि उभ्या काठाची स्टीलची वाटी पुरे. मी बडोद्याच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत मेकॅनिकल केलं. सयाजीरावांनी 1890 मध्ये काढलेलं कलाभवन ते हेच, आणि आमच्या घरात अजून तेच नाव चालतं. आता पकड हाच माझा संशोधनाचा विषय. दांडिया बाजारातली पोरं विचारायला आली की मी त्यांना आधी पाट आणायला लावते.

पाटावर अ‍ॅक्रिलिकचा तुकडा चिकटवा (बोटं त्याचीच करायचीत), वर वाटी ठेवा आणि पाट एका बाजूने हळूहळू उचला. वाटी घसरली की थांबा, मोबाइलने उतार मोजा. त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे घर्षण गुणांक. समजा 17 अंश आले, तर 0.3. वाटी 200 ग्रॅमची असेल तर वजन साधारण 2 न्यूटन. ते दोन बोटांत वाटलं जातं, म्हणून दाब हवा 2 भागिले 0.6, म्हणजे 3.3 न्यूटन. चिमटा चालवणारी एसजी-90 ही छोटी सर्वो मोटर 4.8 व्होल्टला फार तर 1.8 किलो-सेंटिमीटर टॉर्क (वळवण्याचा जोर) देते. बोट 6 सेंटिमीटरचं ठेवलंत तर टोकाशी 300 ग्रॅम, 3 न्यूटनसुद्धा नाही. वाटी पडणारच.

इथे जो तो मोठी मोटर शोधायला लागतो. कशाला? पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणा, सोल्यूशनने बोटांना लावा. रबर पाटावर ठेवून पुन्हा मोजा. 35 अंश आले तर गुणांक 0.7, आणि 1.4 न्यूटनात काम भागतं. शिवाय रबर दबून जास्त जागा धरतं, त्यामुळे वाटी बोटांमध्ये गरकन फिरत नाही.

सर्वोला वीज वेगळ्या 5 व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवरून द्या, ग्राउंडची तार मात्र अर्डुइनोशी, म्हणजे सर्वोला हुकूम देणाऱ्या बोर्डाशी, जोडा. नाहीतर पकड आवळली की बोर्ड रिसेट.

वाटी जमली की लीलो चेवडोची, म्हणजे बडोद्याच्या ओलसर चिवड्याची, पुडी उचलून बघा. ती दाबली की आकार बदलते, आतला चिवडा एका बाजूला सरकतो, वरचं गणित कोलमडतं. खरं संशोधन इथून पुढे आहे. त्यासाठी लिनियर अल्जिब्रा, डायनॅमिक्स आणि पायथन पक्कं करा. मुजोको हा सिम्युलेटर 2022 पासून ओपन सोर्स आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो.

एखाद्या लॅबला मेल लिहाल तेव्हा सर्टिफिकेटांची चळत नको. कोनांचा तक्ता जोडा आणि पुडी निसटतानाचा व्हिडिओ, न कापता.