क्लेरिक घेऊन डन्जनमध्ये उतरण्याआधी

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या भूमिका-खेळात क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने बरं करणारा पुजारी, घेणार असाल तर कागदावर काहीही लिहिण्याआधी डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, एवढंच विचारून घ्या, नियम २०१४ चे की २०२४ चे? क्युअर वूंड्स हा जखमा भरणारा स्पेल जुन्या नियमांत १डी८ (आठ बाजूंच्या एका फाशाइतके हिट पॉइंट, म्हणजे जीवबळाचे गुण) देतो, नव्यात २डी८. दुरून बरं करणारा हीलिंग वर्डही १डी४ वरून २डी४ वर गेलाय. खाली लिहिलंय ते डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांतल्या लाइफ डोमेनच्या (उपचाराकडे झुकलेल्या शाखेच्या) क्लेरिकसाठी.

मग एक हिशोब करून पाहा. विस्डम (क्लेरिकच्या जादूमागचा गुण) १६ असलेल्या लाइफ क्लेरिकचा पहिल्या लेव्हलचा क्युअर वूंड्स, डोमेनचे जादा ३ धरून, सरासरी साडेदहा हिट पॉइंट परत आणतो. ओगर नावाच्या राक्षसाच्या सोट्याचा एक फटका सरासरी १३ चा. तुमचा स्लॉट (स्पेल टाकण्याची मोजकी संधी) खर्च झाला, ओगरला पुढच्या फटक्यासाठी काहीच खर्चावं लागत नाही. म्हणून जखम झाली की बुजवायची, ही सवय लढाईत परवडत नाही. स्लॉट राखायचे ते पडलेल्याला उठवण्यासाठी, आणि मुळात फटके कमी बसावेत यासाठी.

आता स्पेल. तिसऱ्या लेव्हलला विस्डम १६ असेल तर रोज सहा निवडता येतात. सोबत्यांच्या फाशांना बळ देणारा ब्लेस, क्युअर वूंड्स, लेसर रिस्टोरेशन आणि स्पिरिच्युअल वेपन डोमेनकडून आयतेच मिळतात, त्यावर निवड वाया घालवू नका. हीलिंग वर्ड मात्र त्या यादीत नाही, तो आठवणीने घ्यावा लागतो. विसरलात तर बाकीची तयारी लंगडी. तो बोनस अॅक्शनमध्ये (मुख्य अॅक्शनखेरीजच्या छोट्या कृतीत), ६० फुटांवरून, नुसत्या आवाजावर चालतो. त्याच टर्नमध्ये दुसरा स्लॉटवाला स्पेल टाकता येत नाही. गदा चालवा किंवा सेक्रेड फ्लेमसारखी कॅन्ट्रिप, म्हणजे स्लॉट न लागणारा स्पेल. एड हा स्पेल घेतलात तर सकाळीच टाकून मोकळे व्हा: तिघांचे कमाल आणि चालू हिट पॉइंट पाचाने वाढतात, आठ तास टिकतात, कॉन्सन्ट्रेशनही (स्पेल चालू ठेवायला द्यावं लागणारं लक्ष) लागत नाही. प्रेयर ऑफ हीलिंगला दहा मिनिटं लागतात, तो लढाईनंतरचा.

कॉन्सन्ट्रेशन ब्लेसला लागतं. मार बसला की १० किंवा नुकसानीच्या निम्मे, यांतलं जे जास्त असेल त्यावर कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) सेव्ह, म्हणजे स्पेल टिकवण्यासाठी टाकायचा फासा. त्यामुळे चिलखत जड हवं आणि ढाल हवीच. जड चिलखत लाइफ डोमेन देतंच. स्पेलच्या साध्या साहित्याऐवजी चालणारं देवाचं चिन्ह ढालीवर कोरून घ्या. तरीही एका हातात ढाल, दुसऱ्यात गदा असेल तर नियम काटेकोर पाळणारा डीएम क्युअर वूंड्सच्या हातवाऱ्यांसाठी मोकळा हात मागेल. हे आधीच ठरवा, सोबती रक्तात पडलेला असताना नियमांचं पुस्तक उघडणं नको.

टर्नचा क्रम समोर लिहून ठेवा, आणि हे मी सगळ्यांत महत्त्वाचं मानतो. हिट पॉइंट शून्याखाली जात नाहीत, म्हणून पडलेल्याला चार मिळाले तरी तो उठून अख्खा टर्न खेळतो. पण उठवल्यावर त्याच्याआधी राक्षसाचा टर्न आला तर तो पुन्हा आडवा. शक्यतो राक्षसाच्या नंतर आणि त्याच्या आधी उठवा. थांबण्याला मर्यादा आहे: शेजारी उभा असलेला शत्रू बेशुद्ध माणसाला लागलाच तर ते क्रिटिकल (सगळ्यांत जबर फटका) धरलं जातं आणि डेथ सेव्हचे (जगण्या-मरण्याच्या फाशाचे) दोन अपयश एकदम जमा होतात. तिसऱ्याला खेळ संपतो. पहिल्या लेव्हलला तर तेवढीही सवड नसते. सात हिट पॉइंटच्या जादूगाराला एका दणक्यात १४ बसले की तो जागीच गेला.

त्यानंतरचा उपाय पाचव्या लेव्हलला मिळतो, मेलेल्याला परत आणणारा स्पेल रिव्हिव्हिफाय. मृत्यूपासून एका मिनिटात, म्हणजे दहा राउंडांत, स्पर्श करायचा आणि ३०० सुवर्णमुद्रांचा हिरा खर्ची पडतो. देवाचं चिन्ह त्याऐवजी चालत नाही. हिरा गुहेत मिळेल या भरवशावर राहू नका, लुटीच्या वाटणीआधीच त्याचे पैसे बाजूला काढा. कुरकुर होईल, होऊ द्या.

पार्टीशी, म्हणजे सोबतच्या खेळाडूंशी, बोलणं राहिलंच. क्लेरिक म्हणजे पाणपोई नव्हे, हे हसत हसत पण पहिल्याच दिवशी सांगा. शॉर्ट रेस्टमध्ये (छोट्या विश्रांतीत) आधी आपापले हिट डाइस (स्वतःचे हिट पॉइंट भरून काढायचे फासे) वापरा, मग माझ्याकडे बघा. ६० फुटांच्या पुढे एकट्याने धावू नका. लाइफ डोमेनचा खास उपचार प्रिझर्व्ह लाइफ ३० फुटांतच पोचतो आणि कुणालाही निम्म्याच्या वर नेत नाही, तेव्हा अर्ध्याहून जास्त शिल्लक असलेल्याने रांगेत उभं राहायचं कारण नाही. ‘थोडं लागलंय’ म्हणू नका, आकडा सांगा.

सामानात हीलर्स किट हवं: ५ सुवर्णमुद्रा, दहा वापर, मेडिसिनचा चेक (वैद्यकीचा फासा) न करता पडलेला माणूस स्थिर होतो. पण ते तुमच्या पिशवीत नको. किट रोग (Rogue, चोरपावलांचं पात्र) याच्याकडे द्या, ५० सुवर्णमुद्रांचं हीलिंगचं पोशन फायटरकडे (लढवय्याकडे), आणि तुम्ही पडलात तर ते तुमच्या तोंडात ओतण्यासाठी कोण आपली अॅक्शन खर्च करणार, त्याचं नाव दार उघडण्याआधी ठरवून घ्या.